कॅसेटची शेपटी

“झेपलिनला हात लावून तर पाहा,” अशोक फेगडे खुर्चीवरून उठलाच. “ज्यानं लावला, त्याच्या सायकलची हवा मी सोडली म्हणून समजा.”

“यादीतल्या चाळीस जागांत सहा झेपलिनच्या आहेत,” मी म्हणालो. “एक गेली तर काही सुतक लागत नाही.”

“अन् बीटल्सच्या सात चालतात?”

“चालतात.”

“का पण?”

“ते बीटल्स आहेत म्हणून.”

यावर अशोकनं जी शिवी दिली ती परेरा अंकलच्या व्हरांड्यात चालत असे, घरात नाही. अंकलनी गळ्यातली शिट्टी फुंकली. वाद हाताबाहेर गेला की ते शिट्टी फुंकायचे. तीस वर्षं मेल गाड्यांवर गार्ड होते, छाती दमदार होती. अंगणातल्या साळुंक्या उडाल्या आणि आम्ही गप्प बसलो.

गोष्ट एप्रिल चौऱ्याऐंशीची, भुसावळची. रविवार, दुपारचे तीन. बाहेर डांबर वितळत होतं आणि आम्ही चौघं वाळ्याच्या पडद्यामागे बसून जगातली सर्वांत थोर चाळीस रॉक गाणी कोणती ते ठरवत होतो. जगाला याची खबर नव्हती, पण आमचा आव असा, की सोमवारी सकाळी लंडनला तार जाणार आहे. चौघं म्हणजे अंकल, अशोक, प्रल्हाद सपकाळे आणि मी, विलास नारखेडे.

यादीचे नियम अंकलचे होते. नवं गाणं आणणाऱ्यानं बँडचं नाव सांगायचं नाही. कॅसेट लावायची आणि तोंड मिटून बसायचं. बाकीच्यांनी ऐकून दहापैकी मार्क द्यायचे. अंकलकडे वापरून झालेल्या पुठ्ठ्याच्या तिकिटांची पेटी होती. त्यातल्या एका तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडा लिहायचा आणि ते गार्डच्या टोपीत टाकायचं. मग टोपी उलटी करायची. सगळे आकडे आठ किंवा वर असले तर अंकल उभे राहून हिरवा झेंडा दाखवत आणि गाणं वहीत चढे. एक आत आलं की एक बाहेर. झेपलिन-बीटल्सची मारामारी त्याचीच. एकाचाही आकडा आठाखाली आला तर लाल झेंडा.

मतं चौघांची असली तरी शब्द माझा चालायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. माझे मामा टोरांटोला होते. वर्षाआड यायचे, येताना रेकॉर्डी आणि मासिकं आणायचे. कुठल्या रेकॉर्डवर दुसऱ्या बाजूला कितवं गाणं काय आहे, कुठला ड्रमर कुठल्या साली सोडून गेला, हे भुसावळात फक्त मला ठाऊक. मी ठोकून सांगितलं असतं की डीप पर्पलचा गायक आमच्याकडचाच लेवा पाटील आहे, तर अशोकनं त्याचं गावही विचारलं असतं.

त्या रेकॉर्डी मी या लोकांना कॅसेटवर भरून द्यायचो. रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची आणि कॅसेटची तीस. उरलेली फीत वाया कशाला घालवायची म्हणून मी तिथं दुसरंच काहीतरी एखादं गाणं भरून टाकायचो. त्याला आम्ही शेपटी म्हणायचो. शेपटीतल्या गाण्याचं नाव वेष्टनावर मी कधी लिहीत नसे, कारण पोरं येऊन विचारायची, “शेपटीत काय होतं रे?” आणि सांगताना मला बरं वाटायचं.

गिटारही माझीच होती, मामांनी आणलेली. तीन वर्षांत माझी बोटं तिच्यावर बसली नाहीत. प्रल्हाद एकदा घरी आला, सहज मांडीवर घेऊन बसला आणि तासाभरात अशी सफाईनं वाजवू लागला की मला खोलीतून बाहेर जावंसं वाटलं. नंतर ती त्याच्याचकडे असायची. त्याचे वडील भानुदासकाका रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि लग्नसराईत बँडपथकात क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीत लाल कोट घालून जाताना ते आम्हाला पाहिलं की वाजवता वाजवता भुवया उडवायचे.

त्या दिवशी अंकलच्या घरी येताना वाटेत प्रल्हाद म्हणाला होता, “विल्या, उद्या दोन्ही आहेत भो. सकाळी दहाला शेडमध्ये अप्रेंटिसची परीक्षा, अन् तिकडं मुंबईत मेल्विन वाट पाहू राह्यला.”

मेल्विन म्हणजे अंकलचा पुतण्या. मुंबईत एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्यांचा गिटारवाला आखातात निघून गेला होता आणि त्यांना नवा हवा होता.

“मग? काय करतोस?”

“आज ठरवतो.”

“आज कसं ठरणार?”

“ठरतं,” तो हसला. शर्टाच्या खिशात कॅसेट होती आणि तो तिच्यावर हात ठेवून चालत होता.

शिट्टी वाजून शांतता झाल्यावर त्यानं ती कॅसेट काढली. “आज माझं नवं गाणं आहे.”

“माझ्याकडून न घेता नवं कुठून आणलंस?” मी विचारलं.

“नियम आहे ना? बोलायचं नाही.”

अंकलनी कॅसेट लावली. सुरुवातीला फितीचीच खरखर. मग एकच गिटार, अगदी हळू, एखादा माणूस अंधारात चप्पल शोधतो तशी चाचपडत. मग दुसरी. पत्र्यावर वाजवल्यासारखे ड्रम. शब्द नव्हते. अशोकनं भुवई वर केली, कारण शब्द नसलेलं गाणं म्हणजे त्याला मीठ नसलेली भाजी. पण दीड मिनिटानं ती चाल वळली. कशी वळली ते मला आजही सांगता येणार नाही. पुढं काय येणार ते मला कळलं असं वाटत असतानाच ती दुसरीकडे गेली, आणि गेल्यावर वाटलं, हो, इकडेच जायला हवं होतं. मग मागून एक वाद्य आलं, फितीवर जरा फाटलेलं, रडवं आणि तरीही दांडगं. अशोक खुर्चीच्या हातावर ताल धरून बसला होता. अंकलनी डोळे मिटले होते.

गाणं संपलं. अंकलनी मशीन बंद केलं.

“आयला,” अशोक म्हणाला, “कोण आहे हे? अमेरिकन आहे का?” आणि त्यानं तिकिटावर आकडा लिहून टोपीत टाकलं. मीही लिहिलं. अंकलनी तिकीट घेतलंच नाही.

“मी मत नाही देणार,” ते म्हणाले. “मला माहीत आहे कोण आहे ते. ते रेकॉर्डिंग माझ्या मशीनवर झाला.”

माझं तिकीट अजून माझ्या हातात होतं. प्रल्हादकडे पाहिलं तर त्याचे कान लाल झाले होते.

“माझं आहे,” तो म्हणाला. त्याला राहवलंच नाही. “मीच केलं. दोन्ही गिटारी मीच, आधी एक भरली, मग ती लावून वर दुसरी. ड्रम म्हणजे अंकलची ट्रंक आहे. अन् ते मागून येतं ना, ती बाबांची क्लॅरिनेट.”

अशोकनं त्याला उचललंच. “साल्या! भुसावळचं गाणं! यादीत!” टोपी पालथी करून त्यानं स्वतःचं तिकीट दाखवलं. नऊ. “पल्ल्या, बीटल्सचं एक काढू अन् तुझं घालू!”

“थांब, विलासचं राह्यलं,” प्रल्हाद म्हणाला. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “खरं सांगू? मी मनाशी ठरवलं होतं, यादीत गेलं तर उद्याच्या सकाळच्या गाडीनं मुंबई. नाही गेलं तर शेड. बाबापण म्हणाले, तुझ्या त्या मित्राला विचार, त्याला सगळ्या जगाची गाणी ठाऊक आहेत. तो चांगलं म्हणाला तर जा.”

मी तिकीट मुठीत धरलं आणि मूठ खिशात घातली.

“पल्ल्या,” मी म्हणालो, “हे तू केलेलं नाहीस.”

“म्हणजे?”

“ग्राउवाल्ड. जर्मन बँड आहे. दुसरी रेकॉर्ड, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. हीच चाल. तिथं सॅक्सोफोन आहे, तू क्लॅरिनेट लावलीस एवढंच.”

तो हसला. मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग माझा चेहरा पाहून हसू ओसरलं.

“मी नाही ऐकला तो बँड. नावही नाही ऐकलं.”

“ऐकलायस. मागच्या पावसाळ्यात मी तुला फ्लॉइडची रेकॉर्ड भरून दिली होती. त्याच्या शेपटीत होतं.”

“शेपटीत...” तो आठवू लागला. त्याच्या कपाळावर घाम होता. “नाव नव्हतं लिहिलं तू.”

“शेपटीचं नाव मी कधी लिहितो?”

“मग ती कॅसेट लावून पाहू की!” अशोक म्हणाला. “आत्ता काय ते ठरून जाईल.”

प्रल्हादनं मशीनमधली कॅसेट काढून हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिला. “हीच आहे ती,” तो म्हणाला. “मी फ्लॉइड पुसलं अन् याच्यावरच भरलं. दुसरी चांगली कॅसेट नव्हती.”

हे मला माहीत नव्हतं. पण ऐकल्याबरोबर माझी भीती गेली, हे मला नीट आठवतं.

“रेकॉर्ड आण, विलास,” अंकल म्हणाले. ते कधी माझ्याशी असे बोलले नव्हते. “ते जर्मन रेकॉर्ड. तुझ्या घरून सायकलवर दहा मिनिट लागतो.”

“मामांची होती. ते परत घेऊन गेले.”

“आणि तुझं तिकीट?”

“मी लिहिलंच नाही.”

“मी पाहिला तुला लिहिताना, मॅन.”

“लिहिलं नाही, अंकल. ऐकताच ओळखलं होतं. म्हटलं, आधी त्याचं म्हणणं ऐकू.”

अंकल माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मांडीवर दोन्ही झेंडे गुंडाळलेले होते. गार्डनं नुसत्या संशयावरून गाडी थांबवायची असते असं ते नेहमी सांगायचे, पण त्या दिवशी त्यांनी थांबवली नाही. बहुतेक प्रल्हादमुळे, कारण तोच मधे बोलला.

“तो खोटं कशाला बोलेल, अंकल?” प्रल्हाद म्हणाला. “मला पण वाटायचंच ना, एवढं चांगलं मला कसं सुचलं? रात्रीतून आपोआप आलं होतं भो. एकही सूर शोधावा नाही लागला. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.” मग खाली बसत हळूच म्हणाला, “बाबांना काय सांगू आता? ते शेडमध्ये सगळ्यांना सांगत फिरू राह्यले, पोरानं चाल बांधली म्हणून.”

“मुद्दाम नाही केलंस तू,” मी म्हणालो. मी त्याच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. “होतं असं. मोठमोठ्यांचं होतं. पण मेल्विनच्या बँडनं हे स्टेजवर वाजवलं आणि कोणी ओळखलं, तर तुझी छी-थू होईल. मुंबईत जाणकार असतात.”

त्यानं कॅसेट माझ्या हातात दिली. “तूच ठेव. मामा पुन्हा रेकॉर्ड घेऊन आले की दोन्ही लावून पाहू. माझ्याजवळ नको ही. चोरीचा माल घरात ठेवल्यासारखं वाटेल.”

कुठलाच झेंडा वर झाला नाही. झेपलिनची सहा आणि बीटल्सची सात गाणी जिथल्या तिथं राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्रल्हाद आमच्या दारात गिटार घेऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात दाखल्यांची फाइल. गिटारला नव्या तारा लावल्या होत्या. “घे,” म्हणाला, “दहाला परीक्षा आहे.” आईनं त्याला आत बोलावून हातावर दही घातलं. तो पास झाला. पुढं छत्तीस वर्षं त्यानं शेडमध्ये काढली. त्या वर्षीच्या लग्नसराईत भानुदासकाकांनी मला वरातीत पाहिलं, तेव्हा भुवया उडवल्या नाहीत. क्लॅरिनेट ओठांतून काढून मान मात्र लववली, वडीलधाऱ्याला लववावी तशी. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो.

अंकलकडची यादी त्यानंतर दोन-तीन रविवार चालली आणि बंद पडली.

मी बँकेत लागलो, नाशिकला स्थायिक झालो. एका वर्तमानपत्रात पाश्चात्त्य संगीतावर सदर लिहू लागलो, त्याला एकोणीस वर्षं झाली. लोक मला जाणकार म्हणतात. सर्वश्रेष्ठ बँड कोणता यावर दरवर्षी डिसेंबरात मी एक लेख लिहितो आणि तरुण पोरं मला भांडणाची पत्रं पाठवतात. मला ती आवडतात.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी दारात एक मुलगी आली. पुण्यात नोकरी करणारी, तिशीच्या आतली.

“विलासकाका ना? मी करुणा. प्रल्हाद सपकाळेंची मुलगी.”

मी तिला बसवलं. बायकोनं पोहे केले. प्रल्हाद निवृत्त होऊन बरा होता, उजव्या कानानं त्याला ऐकू येईनासं झालं होतं, डाव्यावर काम चाललं होतं. भानुदासकाका कधीच गेले होते. हे सगळं बोलून झाल्यावर तिनं पिशवीतून एक जाड वही काढली.

“तुमचे लेख बाबा कापून ठेवतात,” ती म्हणाली. “एक विचारायचं होतं. ते येणार नाहीत. म्हणतात, विलासला कशाला त्रास द्यायचा. म्हणून त्यांना न सांगता आले.”

वहीत प्रल्हादचं अक्षर होतं. पानापानावर रेकॉर्डींची नावं, तारखा, समोर बारीक फुल्या. त्र्याण्णव साल, मुंबईचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान. सत्त्याण्णव, पुणे. मग इंटरनेट आल्यावरची पानंच्या पानं, यातली काही करुणाच्या अक्षरात.

“ग्राउवाल्डच्या सगळ्या पाच रेकॉर्डी मला शेवटी मिळाल्या,” ती म्हणाली. “बाबांनी पाचही ऐकल्या. फोन डाव्या कानाला लावून. दुसरीची दुसरी बाजू तर किती वेळा. नाही आहे ते गाणं. काका, तुमच्याकडून नावात काही चूक तर झाली नसेल ना? इतकी वर्षं झाली.”

“पण आता त्याचं काय?” मी विचारलं. “तरुणपणीची गोष्ट. चोरी म्हणून त्याला कोणी काही बोललं नव्हतं.”

“चोरीचं नाही हो त्यांना,” ती हसली. हसताना ती थेट प्रल्हाद दिसत होती. “त्यांना ते गाणं एकदा ऐकायचंय. म्हणतात, माझ्या हातून उसनं उतरलेलं एवढं चांगलं होतं, तर मूळ केवढं असेल! दुसरा कान जायच्या आत ऐकलं पाहिजे, असं एवढंच त्यांचं चाललंय.”

मी पाणी प्यायलो.

“आणि ती कॅसेट?” तिनं विचारलं. “तुम्हाला दिली होती म्हणे. मी कधी ऐकलीच नाही. आजोबांची क्लॅरिनेट आहे तिच्यात. त्यांचा दुसरा आवाजच नाही आमच्याकडे.”

कॅसेट ती बसली होती त्या सोफ्यामागच्या कपाटात होती, खालच्या खणात, उजव्या कोपऱ्यात. तिच्या डबीत पुठ्ठ्याचं एक तिकीट आहे, भुसावळ ते जळगाव. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं दहाचा आकडा आहे. यादीच्या चार वर्षांत मी कुणाला दहा दिले नव्हते, बीटल्सनाही नाही. ते गाणं कुठल्याही जर्मन माणसानं केलेलं नव्हतं, त्या शेपटीत काय भरलं होतं ते मला तेव्हाही आठवत नव्हतं, आणि ग्राउवाल्ड हे त्या आठवड्यात एका मासिकाच्या कोपऱ्यात वाचलेलं नाव होतं. त्यांची एकही रेकॉर्ड मी आयुष्यात पाहिलेली नाही. गिटार माझी होती आणि गाणं त्याच्या हातून आलं होतं, हे मला त्या दुपारी सहन झालं नाही. एवढंच कारण होतं. वर्षातून एकदोनदा घरी कोणी नसताना मी ती कॅसेट लावतो. दीड मिनिटानं चाल वळते, तिथं मला अजून श्वास रोखावा लागतो.

उठून पाच पावलं चालायचं होतं.

“घर बदललं तेव्हा बरंच सामान गेलं,” मी म्हणालो. “त्यात गेली असणार.”

तिनं मान हलवली. वही मिटू लागली. मिटता मिटता तिचा चेहरा असा पडला की मला काहीतरी द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं. म्हणून मी म्हणालो, “थांब. तुझं बरोबर असेल. ग्राउवाल्ड नसणार तो. माझ्या डोक्यात दोन नावांची गल्लत झाली असेल.” मी वही ओढून घेतली आणि तिच्या शेवटच्या पानावर एका डॅनिश बँडचं नाव लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात.

“नक्की हा?”

“नक्की.”

तिचा चेहरा उजळला. “बाबांना आजच सांगते. किती आनंद होईल त्यांना!” ती उठली, मी नको नको म्हणत असताना वाकून तिनं मला नमस्कार केला आणि वही छातीशी धरून गेली.

त्या बँडच्या तेवीस रेकॉर्डी आहेत.